नागपूर जिथून उठून आलं, त्या देवगडला जाताना

आपल्या विदर्भात महसुलाच्या कागदांवर काही मौज्यांच्या, म्हणजे गावांच्या, नावापुढे 'रिठी' लिहिलेलं दिसतं. गावाचं शिवार आहे, पडकी विहीर आहे, शेंदूर लावलेला मारुती आहे, पण चूल पेटत नाही. जुन्या दप्तरांत याच अर्थानं 'बेचिराख' हा शब्द येतो. ज्या गावात दिवा लागत नाही, ते बेचिराख. अशा गावांचं मला लहानपणापासून वेड आहे. पण एखादी आख्खी राजधानी रिठी झालेली पाहायची असेल, तर नागपूरहून उत्तरेला सातपुड्यात शिरायचं आणि देवगड गाठायचं.

हे देवगड मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेडच्या पुढे आहे. गोंड राजांची ही राजधानी. इथल्याच बख्त बुलंद शाहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून आपलं नागपूर वसवलं. त्याच्यानंतर चांद सुलतानानं राजधानीच नागपूरला आणली, आणि डोंगरावरचं शहर हळूहळू रिकामं झालं. म्हणजे आपण तिथे निव्वळ पर्यटक म्हणून जात नाही, मूळ गावी जातो. मी आजवर चारदा गेलो आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी जे सांगावंसं वाटतं, ते इथे क्रमानं लिहितो.

निघण्याआधी, नागपुरातच

एखाद्या संध्याकाळी गांधीसागरावर जा. हाच जुना जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव. तो चांद सुलतानाच्या काळातला. राजधानी सपाटीवर आणल्यावर त्या माणसानं शहराला तट घातला आणि पाणी अडवलं. ही सवय कुठून आली ते देवगडला गेल्यावर कळतं, म्हणून आधी तलाव बघून ठेवायचा.

मग मोबाइलवर नकाशा उतरवून घ्या. इथे एक चूक हमखास होते. नुसतं 'देवगड' टाकलं, तर नकाशा हापूसच्या देवगडला, सिंधुदुर्गात घेऊन जातो. 'देवगढ किला, छिंदवाडा' असंच शोधा, आणि दाखवलेल्या वाटेवर मोहखेड येतं की नाही ते तपासा. डोंगरात रेंज जाते, म्हणून नकाशा ऑफलाइन हवा. त्याशिवाय गावांची नावं ओळीनं एका कागदावर लिहून खिशात ठेवा: सावनेर, सौंसर, रामाकोना, उमरानाला, मोहखेड, देवगड. बॅटरी संपली तरी कागद संपत नाही.

ऋतू निवडताना घाई करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये पळस आणि मोह फुलतो, जंगल फार देखणं दिसतं, पण अकरानंतर दगड तापतात. मेमध्ये जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवळ डोळ्यांत मावत नाही हे खरं. पण बावड्यांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, पायऱ्यांवर शेवाळ असतं, गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं आणि पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. नवख्यांनी पावसाळा सोडावा हे माझं ठाम मत आहे.

गाडी आणि गाडीतलं सामान

जीपच पाहिजे असं नाही. हवी ती जमिनीपासून उंच असलेली गाडी. खाली बसलेली कार असेल, तर ती मोहखेडपर्यंत न्या आणि पुढचा रस्ता कसा आहे ते तिथे विचारून ठरवा. पहिल्या खेपेला मी विचारलं नव्हतं. मित्राची सेडान होती, चौघे बसलो होतो, डिकी भरलेली. एका ओहोळाच्या चढावर खालून 'टण्‌' असा आवाज आला. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दगडाला लागला होता. उतरून वाकून पाहिलं, तर तेलाचा एक काळा थेंब दगडावर पडत होता, मग दुसरा. तो दिवस मेकॅनिक शोधण्यात गेला आणि गड लांबून पाहून परतलो. तेव्हापासून नियम केला: कच्चा रस्ता आला की ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं आणि तेवढा तुकडा पायी चालायचा. गाडी दोन बोटं वर उचलते, आणि तेवढ्यानंच काम होतं.

शक्यतो दोन गाड्यांनी किंवा दोन मोटारसायकलींनी जा. सोबत हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, जॅकखाली ठेवायला फळीचा जाड तुकडा (मऊ मातीत जॅक खाली धसतो), पंक्चर किट आणि हवा भरायचा पंप. माणशी तीन लिटर पाणी. टॉर्च, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, एक काठी. पेट्रोल सावनेर किंवा सौंसरला भरून घ्या. थोडे रोख पैसे सुट्टे ठेवा, कारण रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

जेवण घरून बांधून न्या. झुणका, भाकरी, कांदा, ठेचा. दिवसभर टिकतं आणि सांडत नाही.

वाट

पहाटे सहाच्या आत नागपूर सोडा. मानकापूर, कोराडी, पाटणसावंगी करत सावनेर. तर्री-पोहे इथेच खाऊन घ्या. केळवदच्या पुढे राज्य बदलतं, भाषा मात्र लगेच बदलत नाही. सौंसरच्या बाजारात मराठीच ऐकू येते आणि संत्र्याचे बगीचे आपल्या काटोल-नरखेडसारखेच. जवळच जामसावळीचा निजलेला हनुमान आहे. मंगळवार-शनिवारी तिथे फार गर्दी असते, त्या दिवशी निघालात तर वेळ धरून चाला.

रामाकोन्याजवळ कन्हान भेटते. नागपूरच्या नळांना पाणी देणाऱ्या नद्यांपैकी ही एक, आणि ती याच सातपुड्यातून उतरते. पुढे सिल्लेवानीचा घाट. वळणं तीव्र, ट्रक पुष्कळ. घाट चढलात की हवा बदललेली कळते, कारण नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आणि देवगडचा डोंगर त्याच्या दुपटीहून उंच. घाटानंतर उमरानाला येतं. इथे हमरस्ता सोडून मोहखेडकडे वळायचं. नाक्यावर विचारूनच वळा. इथून पुढे हिंदी चालते आणि गावागावांत गोंडी. एकूण अंतर, वाट कशी धरता त्यावर, साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर पडतं. वेळ मात्र अंतरावरून मोजू नका. शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरला एक तास लागला तरी तो जाऊ द्या.

डांबर संपतं तिथून

मोहखेडनंतर रस्ता बारीक होतो. डांबर कुठे टिकलंय आणि कुठे वाहून गेलंय हे दर पावसाळ्यानंतर बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्याच्या शब्दावर विसंबू नका. बावड्यांकडे जाणाऱ्या शेतवाटा तर कच्च्याच असतात.

कच्चा रस्ता लागला की थांबा. चारही चाकांतली थोडी हवा सोडा. तेहतीस पीएसआय असेल तर सव्वीस-सत्तावीसवर आणा. टायर जरा पसरतो, खडीवर पकड धरतो आणि धक्का पोटात घेतो. ओबडधोबड रस्त्यावर याच्याइतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

मोठा दगड आला की नवखा माणूस तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायला बघतो. चेंबर फुटतो तो तिथेच. दगड चाकाखाली घ्यायचा, सावकाश, पहिल्या गिअरमध्ये. गाडी चढते आणि उतरते. ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्यांतही हाच न्याय. दोन्ही चाकं चाकोरीत घातली, तर मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं काठावर ठेवून चालायचं. उतारावर न्यूट्रल कधीच करू नका. पहिला गिअर टाकून पाय ब्रेकवरून काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

मातीचा रंग बघायला शिका. तांबूस मुरूम ओला असला तरी चाक धरतो. काळी माती ओली झाली की धरत नाही. मोटारसायकलचं तर तिथे फार वाईट होतं. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये ठासून बसतो आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर एक पूर्ण दिवस ऊन पडू द्या, मगच निघा.

ओढ्यावर रपटा असतो, म्हणजे पाणी वरून जाऊ शकेल असा ठेंगणा पूल. रपट्यावरून पाणी वाहत असलं की एकानं काठी घेऊन आधी चालून यायचं. पाणी गढूळ असेल, ओढ असेल, खालची फरशी दिसत नसेल, तर परत फिरायचं. एकदा एका शेतकरी काकांनी मला अडवून सांगितलं होतं, "पानी उतरेगा, तुम बैठो." दीड तास त्यांच्या ओसरीवर बसलो. पाणी उतरलं.

आणखी एक, फार जिव्हाळ्याचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसेल. पहाटे गळलेली फुलं वेचायला घरातल्या बायका-मुलं अंधारात येतात. ते त्यांचं वर्षाचं पीक आहे. त्या जागेवर गाडी लावू नका. घरांपुढून जाताना वेग अगदी कमी करा, कारण तुमच्या चाकांची धूळ अंगणातल्या वाळवणावर बसते. बैल किंवा शेळ्या समोर आल्या की हॉर्न वाजवू नका. थांबा, त्या वाट काढतात.

आधी गाव, मग बावड्या, मग गड

बहुतेक जण थेट गडावर धावतात. मी उलटा क्रम सांगेन. पायथ्याला देवगड गाव आहे, लोक राहतात, शेती करतात. म्हणजे राजधानी उजाड झाली, गाव उजाड झालं नाही. गाडी मोकळ्या जागी लावा, राम राम करा. गोंड वडीलधाऱ्यांना 'जय सेवा' म्हटलंत तर चेहरा खुलतो. वाट दाखवायला कुणी येईल का ते विचारा आणि पैसे आधीच मोकळेपणानं ठरवून घ्या. वाटाड्याशिवाय बावड्या सापडत नाहीत. अलीकडे गावात मुक्कामाची घरगुती सोयही झाली आहे. राहायचं असेल तर आधी ठरवून जा.

देवगडबद्दल लोक एक वाक्य सांगतात: आठशे विहिरी, नऊशे बावड्या. आकडा कुणी मोजला होता कोण जाणे, पण शेतांतून तासभर फिरलं की वाक्य पोकळ वाटत नाही. बांधाआड, आंब्याखाली, झुडपात दगडी कठडे दिसत राहतात. पुष्कळ बावड्या गाळानं भरल्या होत्या. गेल्या काही वर्षांत त्यांतल्या कित्येकींचा गाळ काढून त्या मोकळ्या केल्या आहेत.

एका बावडीत शांतपणे उतरा, पायऱ्या कोरड्या असतील तरच आणि एका वेळी एकानंच. मला आवडते ती बावडी छोटी आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीचा मधला भाग जरासा झिजून खोलगट झालेला, दोन्ही कडा मात्र अजून धारदार. म्हणजे माणसं एकामागून एक, मधूनच उतरत होती. डाव्या भिंतीत हातभर कोनाडा आहे. आत बोट फिरवलं तर काजळी लागत नाही, पण दगड तिथे गुळगुळीत आणि गडद आहे. त्याच्या वर दोन चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचं मूळ शिरलंय, मनगटाएवढं जाड, आणि वरचा चिरा त्यानं बोटभर पुढे ढकललाय. आणखी दहा पावसाळ्यांत तो पडेल. खाली पाण्यावर हिरवी साय होती आणि एक बेडूक. हे पाणी पिऊ नका. आत दगड टाकू नका, दुपारचं जेवण तिथे उरकून कागद-प्लेटा टाकू नका. गाळ काढणाऱ्या हातांनी तो टोपल्यांनी वर आणलाय.

एवढ्या बावड्या कशाला? उत्तर तिथे उभं राहिलं की मिळतं. डोंगराचा उतार, खाली काळा कातळ. पाऊस पडतो तो धावत निघून जातो. धरून ठेवला नाही तर माघानंतर प्यायला पाणी नाही. म्हणून राजधानीचा नकाशा वाड्यांवरून नाही, पाण्यावरून काढायचा. जिथे बावड्या दाट आहेत तिथे वस्ती दाट होती, असं समजून चाला. शेतांत वितळलेल्या ढेकळांसारख्या दिसणाऱ्या विटा आणि खापराचे तुकडे मग आपोआप अर्थ सांगू लागतात.

गडावर

दहाच्या आत चढायला लागा. दरवाजातून आत गेल्यावर नगारखाना, कचेरी, हत्तीखाना, बादल महाल, चंडीचं देऊळ आणि मोतीटाका अशी ठिकाणं दाखवतात. मोतीटाक्याचं पाणी इतकं नितळ होतं, की तळाला टाकलेलं नाणं वरून दिसे, असं सांगतात. बादल महालाच्या नावाची खूण पटायची तर पावसाळ्याच्या शेवटी, ढग दरीतून वर येतात तेव्हाच पटावी.

इथला मूळ पुरुष जाटबा. गवळी राजांकडे चाकरीला असताना त्यानं लाकडी तलवारीनं रेडा मारला, अशी दंतकथा आहे. 'ऐन-ए-अकबरी'त त्याच्याकडे २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याची नोंद आहे. हत्तीखान्यापाशी उभं राहून हा आकडा मनात धरायचा आणि मग समोरचं करवंदीचं झुडूप बघायचं. बख्त बुलंद याच घराण्यातला. गादीच्या भांडणात तो औरंगजेबाच्या दरबारात गेला, इस्लाम स्वीकारून नवं नाव घेऊन परतला, आणि राज्य सपाटीकडे वाढवलं. म्हणून गडावर गोंड, हिंदू आणि मुसलमानी घडणीच्या खुणा शेजारी शेजारी दिसतात. हे शहर एका रात्रीत ओस पडलं नाही. राजा नागपुरात बसला, त्यामागून कचेरी गेली, मग कचेरीवर जगणारे गेले. पुढे नागपूरची सत्ता भोसल्यांकडे आली आणि डोंगराकडे परतायचं कारणच उरलं नाही.

चढून उंच भिंतीवर उभं राहून फोटो काढू नका. वरचे चिरे सुटलेले असतात आणि पलीकडे दरी आहे. कमानीखाली जाण्याआधी वर बघा: आग्या मोहोळ असू शकतं. अत्तर लावून येऊ नका, विडी-सिगारेट पेटवू नका, दगड मारणाऱ्याला तिथेच थांबवा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही. काठी आपटत चाला; साप वाट देतो. कुणाला चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला अवयव न हलवता उचलून खाली आणा आणि छिंदवाड्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघा. १०८ किंवा ११२ लागत नसेल, तर रेंज येईपर्यंत थांबू नका, गाडीनंच निघा.

आता एक दुःख सांगतो. अशा जागी गुप्तधनासाठी खणतात. फरशी उखडलेली, भिंतीच्या पायाशी ताजा खड्डा आणि शेजारी अर्धं लिंबू, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या खड्ड्यामुळे भिंत एक-दोन पावसात खाली येते आणि मग जे वाचायचं होतं तेच नाहीसं होतं. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, तसा १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आजही आहे. खापराचा तुकडासुद्धा उचलू नका. तो तिथे पडला आहे म्हणून तिथे घर होतं हे कळतं. तुमच्या कपाटात तो नुसता तुकडा. रात्री भुतं बघायला येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: येऊ नका. गावाला झोपू द्या.

परतताना

घड्याळ नीट पाळा. नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि डोंगराआड तो त्याआधीच जातो. दोन वाजता गड उतरायला लागा, साडेतीनला गाडी हलली पाहिजे. कच्चा रस्ता उजेडात पार करायचा, हा एकच नियम असा आहे की त्याला मी स्वतःसाठीही सूट देत नाही. कचरा परत आपल्याच गाडीत घाला. वाटाड्याचे पैसे देताना त्याच्या घरी पाणी प्या, मुलांची नावं विचारा.

उमरानाल्याला पोचलात की टायरमध्ये पुन्हा हवा भरा. कमी हवेनं हमरस्त्यावर वेगात जाणं धोक्याचं, टायर तापतो. वाकून एकदा खाली बघा: चेंबर, सायलेन्सर, काही लोंबतंय का. चहा घ्या, कारण पुढे सिल्लेवानीचा घाट आहे आणि संध्याकाळी ट्रक वाढतात. सौंसरला संत्री घ्यायची असतील तर घाट उतरल्यावर, दिवे लागायच्या आत पोचाल असं बघा. टोपलीवाल्या बायका अंधार पडला की उठतात.